आरशातला अर्धा माणूस

१

आरसा गेला ही बातमी फोनवर आली, तेव्हा कनीज लेकीची दुसरी वेणी घालत होती.

"कनीजताई, असाल तशा शाळेत या," मुख्याध्यापिका रश्मी मॅडमचा आवाज चढला होता. "मुलींच्या नव्या संडासातला आरसा चोरीला गेलाय. अख्खाच्या अख्खा!"

महाळुंग्याच्या पुढे, कारखान्यांच्या भिंतींना खेटून पाटवस्ती आहे. तिथल्या सातवीपर्यंतच्या शाळेत महिन्याभरापूर्वी मुलींसाठी नवे संडास झाले होते. जवळच्या एका कंपनीने बांधून दिले होते. फीत कापली, पेढे वाटले, फोटो निघाले. पालकांच्या समितीची अध्यक्ष म्हणून कनीजही त्या फोटोत होती आणि तिच्या मागे तो आरसा झळकत होता. चार फूट लांब, अडीच फूट उंच, कडेला वेलबुट्टी.

"आरसा कोण चोरणार मॅडम? गेटला कुलूप असतं की."

"तेच तर कळत नाहीये. कुलूप आहे तसंच आहे. या तुम्ही."

फोन ठेवून कनीजने वेणीला रिबीन बांधली. "ऐकलंस का? शाळेतला आरसा गेला म्हणे. चोरीला."

अकरा वर्षांची जिकरा एकदम ताठ झाली. मग उठून दप्तर पाठीला अडकवत, आईकडे न बघता म्हणाली, "बरं झालं."

"बरं काय झालं त्यात? जिकरा! इकडे बघ."

पण पोरगी चपला पायात सरकवून पार गल्लीच्या टोकाला पोहोचली होती.

२

कनीज बारा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासत होती. भाग हातात घ्यायचा, पास की नापास ते सांगायचं आणि नापास असेल तर का, याचा माग काढायचा. नवऱ्याबरोबर परभणीकडून आली तेव्हा तिला मापपट्टीही धड वाचता येत नव्हती. आता कारखान्यातली शिकलेली पोरं अडली की "कनीज मॅडमना विचारा" म्हणत. या आठवड्यात तिची दुसरी शिफ्ट होती, म्हणजे दुपारी दोनपर्यंत ती मोकळी.

शाळेत पोहोचल्यावर ती आधी कुणाशी बोललीच नाही. नुसती बघत राहिली.

संडासाची खोली मैदानाच्या कडेला होती. तिला दार नव्हतं, नुसती चौकट. वारा खेळता राहावा म्हणून. चौकटीतून सरळ समोर दिसायची ती हात धुवायची बेसिनं आणि त्यांच्या वर आरसा. पाच संडास मात्र आत शिरल्यावर डाव्या हाताला, चौकटीच्याच भिंतीला लागून होते. आत जाऊन मागे वळल्याशिवाय ते दिसतच नसत. "बाहेरून काही दिसायला नको, म्हणून मुद्दाम अशी रचना केलीय," असं उद्घाटनाच्या दिवशी इंजिनिअरने छाती फुगवून सांगितलं होतं. संडासांची दारं खालून फूटभर आखूड होती. धुताना पाणी सहज निघून जावं म्हणून.

आरशाच्या जागी आता कोरी फरशी होती आणि फरशीत आठ भोकं. खाली पहिलीच्या वर्गातले दोन बुटके बाक एकमेकांना जोडून ठेवले होते, त्यांच्यावर चौघडी घातलेलं गोणपाट. बेसिनच्या कडेला खडूची रिकामी डबी होती. कनीजने ती उघडली. आत आठ स्क्रू आणि त्यांच्या चकचकीत आठ टोप्या.

"हा चोर भलताच टापटीप दिसतोय," ती म्हणाली.

"टापटीप असो नाहीतर गबाळा, चोर तो चोरच." रश्मी मॅडमनी तिला बाजूला घेतलं. त्या स्वभावाने वाईट नव्हत्या, पण घाबरल्या की त्यांचं बोलणं तुटक होई. "शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर इथे एकच माणूस आला होता. अन्वर. कडी दुरुस्त करायला. आरसाही त्यानेच बसवला होता. तुमच्या गल्लीतला आहे, म्हणून आधी तुम्हाला बोलावलं. गुरुवारी कंपनीच्या स्वप्नाली मॅडम साहेबांना घेऊन येणार आहेत. हा आरसा त्यांनी स्वतः निवडून, वरून भेट दिला होता. मूळ नकाशात तो नव्हताही. बुधवारपर्यंत मिळाला नाही, तर मला पोलिसांत अन्वरचं नाव द्यावं लागेल."

चौकटीबाहेर शाळेचे शिपाई रंगराव खराटा धरून उभे होते. पाटवस्तीच्याच जुन्या घरातले, नोकरीचं एखादं वर्ष उरलेलं. सगळी शाळा त्यांना मामा म्हणे.

"मामा, गेटच्या किल्ल्या किती?" कनीजने विचारलं.

"दोन. एक मॅडमकडं, एक माज्याकडं."

"रविवारी कुणी आलं होतं?"

"न्हाई. माजी खोली गेटला लागूनच हाय. गाडी न्हाई, घोडं न्हाई, कुनी न्हाई." मामा खाली बघूनच बोलत होते.

कनीजने कुंपणाच्या भिंतीवरून नजर फिरवली. पुरुषभर उंच आणि वर काचा रोवलेल्या. त्यावरून चार फुटी आरसा सुखरूप पलीकडे नेणारा अजून जन्माला यायचा होता.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "आरसा शाळेबाहेर गेलेलाच नाही."

३

अन्वरचं अॅल्युमिनियम आणि काचेचं दुकान चाकण रस्त्याला होतं. कनीजने गोष्ट सांगितली, तशी त्याने हातातली करवत खाली ठेवली.

"आपा, मी चोर?"

"मी कुठे म्हणतेय? शनिवारी काय केलंस तेवढं सांग."

"कडी नीट केली, स्कूटरला किक मारली, आलो. चार फुटाची काच स्कूटरवर न्यायची तर मागे धरून बसायला माणूस लागतो. विचारा, माझ्या मागे कुणी होतं का." मग त्याने विचारलं, "खाली बाक लावले होते म्हणता? मग तो माणूस काचेच्या धंद्यातला नाहीच. आम्ही काच सरळ काखेत मारतो. बाक आणि गोणपाट तो लावतो, ज्याला काच फुटायची धास्ती असते. आणि चोराला कसली आलीय धास्ती?"

हे कनीजच्याही मनात आलं होतं.

"आपा, एकदा पोलिसांत नाव गेलं ना," अन्वर म्हणाला, "की कुठल्या कंपनीच्या गेटातून मला आत सोडतील? नऊ वर्षं लागली इथे नाव करायला."

तिथून कनीज परत शाळेत, स्वयंपाकखोलीत आली. सुमनताई खिचडीच्या पातेल्यात झारा फिरवत होत्या. त्यांना बोलतं करावं लागत नसे, थांबवावं लागे.

"आरसा गेला म्हणून मी काही रडणार नाही बाई. सुरुवातीला पोरी तिथे नुसत्या भांग पाडत उभ्या. मी म्हटलं होतं, एक दिवस फोडून टाकते. पण हल्ली कुठे जातात? कुणी फिरकत नाही तिकडे. एवढी छान खोली, फरशी कोरडी ठाक."

"कधीपासून?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस. अन् त्या रंगरावांचंही काय बिनसलंय कुणास ठाऊक. वर्षानुवर्षं साडेअकराच्या छोट्या सुट्टीत माझ्या या स्लॅबवर चढून टाकीचा कॉक सोडायचे. पंधरा दिवस झाले, सकाळी नऊलाच सोडतात अन् मोकळे होतात. बारा वाजता माझी टाकी कोरडी. भांडी कशात घासू?"

"विचारलं नाहीत?"

"विचारलं की. म्हणाले, गुडघे दुखतात. आता नऊ वाजता चढलं की गुडघे दुखत नाहीत अन् साडेअकराला दुखतात, असं कुठलं दुखणं असतं? आणखी एक गंमत ऐक. गेल्या आठवड्यात उद्घाटनाचा तो मोठा फ्लेक्स आणून त्यांनी संडासाच्या चौकटीला टांगला, पडद्यासारखा. मॅडम अश्शा ओरडल्या! साहेबांचे फोटो संडासाच्या दाराला काय लावता म्हणून." सुमनताई पदर तोंडाला लावून हसल्या.

कनीजला मात्र हसू आलं नाही. शिपाई पाण्याची वेळ बदलतो, चौकटीला पडदा लावतो आणि पोरी संडासात जायचं बंद करतात. तिन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यातल्या. कारखान्यात एका वेळी तीन नापास भाग आले की ती भाग बघत बसत नसे, यंत्र बघायला जाई.

४

जेवणाच्या सुट्टीत तिने जिकराला करंजाच्या झाडाखाली गाठलं. शेजारी तिची मैत्रीण नेहा होती. दोघी डबा खात होत्या. पाण्याच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या, तशाच.

"मी रागावणार नाही," कनीज म्हणाली. "आरसा गेला ते बरं का झालं, एवढंच सांग."

जिकराने नेहाकडे पाहिलं. नेहाने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

"त्याच्यात माणूस दिसतो," शेवटी नेहा म्हणाली. "अर्धा माणूस."

"अर्धा म्हणजे?"

"कमरेपर्यंतच. लाल कानटोपी घातलेला. खाली पायच नाहीत, वर हवेत असतो. दोन नंबरच्या संडासाचं दार उघडलं ना काकू, की समोर आरशात तो. आधी मला दिसला. मग हिला. मग सातवीच्या स्वरूपाताईलाही."

"आणि मागे वळून बघितलं तर?"

"मागे भिंतच आहे, अम्मी," जिकराचा आवाज बारीक झाला. "तिथे कोण असणार? भूतच आहे ते."

"रोज दिसतो?"

"छोट्या सुट्टीत दिसतो. जेवणाच्या सुट्टीत नाही."

"मग तुम्ही जाता कुठे?"

मग जिकराने पायाच्या अंगठ्याने माती उकरत सांगितलं, "जातच नाही. पाणी प्यायलंच नाही की जावं लागत नाही."

मागच्याच आठवड्यात पोरीला लघवीला जळजळ होते म्हणून ती दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, पाणी पाज. घरी येऊन तिने पोरीलाच झापलं होतं.

"कुणाला सांगितलं का नाही गं?"

"सांगितलं की बाईंना," नेहा म्हणाली. "त्या म्हणाल्या, भूतबीत काही नसतं, अभ्यास करा."

५

दोन वाजता कनीज कामावर गेली, पण डोक्यातून तो अर्धा माणूस जाईना. तीनच्या सुमाराला तपासलेल्या भागांचा क्रेट घेऊन ती गोदामाकडे निघाली. वाटेत एक आंधळं वळण होतं. तिथून माल उचलणारी फोर्कलिफ्ट यायची, म्हणून खांबावर मोठा गोल आरसा लावला होता. नव्या पोरी कामाला लागल्या की सुरक्षेचा पहिला धडा कनीजच त्यांना द्यायची, याच खांबापाशी उभी राहून: "आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसलं, की समजायचं त्यालाही आपण दिसलो. आपल्याला तो दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. मग थांबायचं."

सवयीने तिने मान वर केली. आरशात फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर होता. त्याने तिला आरशातूनच पाहिलं आणि हात वर करून "जा पुढे" अशी खूण केली.

कनीज जागच्या जागी थिजली. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, चला की!"

तो आपल्याला दिसला, की त्याला आपण दिसलो.

भूत नव्हतंच ते. आणि भूत नव्हतं, हेच जास्त वाईट होतं.

६

मंगळवारी बरोबर साडेअकराला, छोट्या सुट्टीची घंटा होताच, कनीज स्वयंपाकखोलीच्या लोखंडी शिडीवरून स्लॅबवर चढली. सुमनताई खालून "अगं पडशील" म्हणत राहिल्या.

स्वयंपाकखोली संडासांच्या समोर, जराशी उजवीकडे होती. मैदानात उभं राहिलं तर तिची भिंत मधे येई, म्हणून खालून कुणाला काही दिसणं शक्य नव्हतं. पण वरून चौकट तिरकी, स्वच्छ दिसत होती आणि चौकटीतून समोरची कोरी फरशी. तिथे आरसा असता, तर या बाजूने गेलेली नजर त्याच्यावर आपटून पलीकडे वळली असती. थेट डावीकडे, संडासांच्या दारांवर. वरून खाली जाणारी नजर ती. ती दारांच्या वरून नसती गेली. दारांच्या खालून गेली असती. त्या फूटभर फटीतून.

कनीजने मागे वळून पाहिलं. कुंपणाच्या पलीकडे कामगारांच्या भाड्याच्या खोल्या होत्या, दुमजली. वरच्या मजल्यावर लांबच लांब गॅलरी. दुसऱ्या शिफ्टची माणसं नुकती उठून तिथे चहा घेत उभी होती. जानेवारीची थंडी होती. एकाच्या डोक्यावर लाल कानटोपी होती. गॅलरीच्या कठड्यामुळे तो कमरेपर्यंतच दिसत होता.

अर्धा माणूस.

पोरींना तो दिसला, म्हणजे पोरी त्याला दिसू शकत होत्या. आता प्रश्न एवढाच उरला, की हे तिच्या आधी कुणाच्या लक्षात आलं? या स्लॅबवर चढणारा माणूस शाळेत एकच होता.

ती शिडीवरून उतरली. शेवटच्या पायरीशी रंगराव उभे होते. हातात काही नव्हतं. चेहरा उतरलेला.

"तुमास्नी कळलं म्हना," ते म्हणाले.

"मामा, आरसा कुठे आहे?"

"सामानाच्या खोलीत. जुन्या फळ्यांच्या मागं. घोंगडीत गुंडाळलाय. तडा न्हाई जाऊ दिला."

ते दोघं शिडीच्या सावलीत बसले.

"त्या दिवशी कॉक सोडाय गेलो. त्या गॅलरीत पोरं हुती, हिकडंच तोंड करून. म्हनलं, काय बघत्यात येवढं? म्हनून म्याबी वळून बघितलं. आरशात दाराखाली पोरीची पावलं दिसली. पैंजनं घातल्याली. म्या डोळंच झाकलं बाई. तसाच चाचपडत खाली उतरलो."

"ती पोरं मुद्दाम बघत होती?"

"बघत हुती का न्हाई, देवाला ठावं. म्या कशाला कुनाचं पाप डोक्यावर घिऊ? पन बघू शकत हुती. उद्या दुसरं कुनी बघंल, मोबाईल धरंल. माजा जीव थाऱ्यावर न्हाई राह्यला."

"मग मॅडमना का नाही सांगितलं?"

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सांगितलं असतं, तर पैला सवाल काय आला असता? रंगराव, तुमी कशाला बघत हुता तिकडं? चौतीस वर्सं झाली या शाळेत. कुनी बोट दावलं न्हाई. आन् जाताजाता त्वांडानं सांगू, का पोरींच्या संडासात काय दिसतं ते म्या बघितलं? मानूस म्हातारा असला म्हनून लोक सोडत न्हाईत, बाई. फ्लेक्स लावून बघितला, त्यो काडाय लावला. मग रविवारी आरसाच उतरवला."

कड्या, दारं, नळ सगळ्यांचा विचार कुणी ना कुणी केला होता. धोका दिसला तर तो सांगायचा कसा आणि कुणाला, याचा विचार कुणीच केला नव्हता. पोरींनी सांगितलं, ते भूत ठरलं. मामांनी सांगितलं असतं, तर ते पाप ठरलं असतं.

"मामा, तुमचं नाव मी घेणार नाही," ती म्हणाली. "फळ्यांच्या मागे आरसा सापडला, एवढंच सांगते."

मामांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पण पुढच्याच क्षणी त्यांनी मान वर केली.

"आन् अन्वर?"



७

बुधवारी सकाळी नऊला, मुलं यायच्या आत, कनीजने सगळ्यांना बोलावलं. अन्वरने आरसा जुन्या जागी टेकवून धरला. खाली तेच दोन बाक, दुसरी बाजू धरायला रंगराव. कनीजने रश्मी मॅडमना साडी सावरत स्लॅबवर चढवलं.

"आता सुमनताई दोन नंबरच्या संडासात काहीतरी ठेवून दार लावून घेतील. काय ठेवलंय ते मला माहीत नाही. तुम्ही सांगायचं."

"अहो, मला इथून काय दिसणार? संडास तर त्या आतल्या..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. "ओढणी. पिवळी ओढणी आहे. खाली पडलीय, घडी मोडून..."

आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला. त्यांनी मागे वळून गॅलरीकडे पाहिलं. मग पुन्हा आरशाकडे.

खाली उतरून त्या थेट आरशापाशी आल्या. "पण इंजिनिअरने तर मुद्दाम अशी रचना केली होती..."

"त्याची रचना बरोबरच होती. त्यात आरसा नव्हता. स्वप्नाली मॅडमनी आरसा दिला, तोही प्रेमानेच. दारं आखूड ठेवली, तीही धुवायच्या सोयीसाठी," कनीज म्हणाली. "आमच्याकडे असं होतं कधीकधी. सुटे भाग सगळे पास आणि जोडणी नापास."

"आणि आरसा? तो काढला कुणी?"

अन्वर आरशाची कड घट्ट धरून उभा होता. मॅडमची नजर त्याच्याकडे वळते आहे हे सगळ्यांना दिसलं, त्यालाही. कनीजने तोंड उघडलं, पण तिच्या आधी दुसराच आवाज आला.

"म्या काडला." रंगरावांनी आपल्या बाजूची कड अलगद बाकावर टेकवली आणि हात जोडले. "ह्या पोराचा काय संबंद न्हाई. म्या वरनं बघितलं, म्हनून काडला. आता काय इचारायचं ते इचारा."

ते डोळे मिटून उभे राहिले, जणू त्यांना पाठीवर छडी बसणार होती. रश्मी मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या ओठावर प्रश्न आला होता, हे कनीजने पाहिलं. तो त्यांनी गिळला, हेही पाहिलं.

"मामा," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलं असतं ना, तर मी नको तेच विचारलं असतं. सांगितलं नाहीत यात चूक माझी आहे." मग त्या अन्वरकडे वळल्या. "भाऊ, तुमचंही मी नाव घेतलं. चुकलं माझं."

अन्वरने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "राहू द्या मॅडम. आता हा आरसा कुठे लावू ते सांगा, हात भरून आले."

गुरुवारी स्वप्नाली साहेबांना घेऊन आली. तिशीतली, चटपटीत बाई. सगळं ऐकल्यावर ती एकटीच दोन नंबरच्या संडासात गेली, दार लावून घेतलं आणि चांगली पाच मिनिटं बाहेर आली नाही. बाहेर आली ती फोटोवाल्याला म्हणाली, "कॅमेरा ठेव गाडीत." मग तिने मुलींना मैदानात गोल बसवलं आणि विचारलं, कसा संडास हवा?

आधी सगळ्या लाजल्या. मग नेहा म्हणाली, दप्तर आणि ओढणी अडकवायला खुंटी हवी, खाली ठेवलं की भिजतं. तेवढ्यात दुसरीतली एक चिमुरडी उठली आणि कडी उंच आहे, हात पुरत नाही, म्हणून मैत्रीण दार धरून उभी राहते, मग मैत्रीण पळून जाते, असं तिने गंभीरपणे सांगितलं. सगळे हसले. स्वरूपा म्हणाली, कडी आत अडकली तर बाहेरून बाईंना उघडता आली पाहिजे. जिकरा सगळ्यात शेवटी बोलली: "आम्ही काही सांगितलं, तर आधी येऊन बघा. नंतर नाही म्हणा."

साहेबांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

महिन्याभरात चौकटीसमोर आडोशाची भिंत उभी राहिली. दारं जमिनीपासून चार बोटांवर आली, कड्या खाली आल्या आणि आरसा बाजूच्या भिंतीवर गेला, जिथे त्यात बघणाऱ्याच्या तोंडाशिवाय काही दिसत नव्हतं. हे सगळं काम अन्वरने केलं. खोल्यांच्या मालकाने गॅलरीच्या कठड्याला हिरवी जाळी बांधली. कोण काय बघत होतं, ते कुणी उकरून काढलं नाही.

होळी झाल्यावर रश्मी मॅडमना चऱ्होलीहून फोन आला. तिकडच्या एका शाळेत नवे संडास झाले होते आणि भोवती नव्या सोसायट्यांचे उंच उंच मनोरे. तिथल्या मुख्याध्यापिकेने विचारलं, तुमचे ते बघणारे मामा एक दिवस आमच्याकडे पाठवाल का?

रविवारी कनीज आणि रंगराव चऱ्होलीला गेले. मामांनी धुतलेली टोपी घातली होती. कनीज संडासाच्या चौकटीत उभी राहिली आणि मामा एकेका सोसायटीच्या वॉचमनला घेऊन लिफ्टने वर गेले. चौथ्या मजल्यावरून पाहिलं, सातव्यावरून पाहिलं, जिन्याच्या खिडकीतून पाहिलं, शेवटी गच्चीवर गेले. एका घरातली बाई दार उघडून म्हणाली, "ओ काका, काय बघताय वाकून?"

"शाळेचं संडास," मामा मोठ्या आवाजात, न लाजता म्हणाले. "कामावर हाय म्या."

खाली कनीजचा फोन वाजला.

"मामा, काय दिसतंय?"

वारा फोनमध्ये घोंघावत होता. तिला वाटलं, फोन कटला. मग त्यांचा आवाज आला, एखाद्याला नातू झाल्याची बातमी सांगावी तसा.

"काईच न्हाई बाई! चारी बाजूनं बघितलं. कायसुदिक दिसत न्हाई!"